तलावावरच्या जंगलाची किंमत कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला पाणी पुरवणारा एक जुना तलाव, त्याच्या वरच्या अंगाला राखीव जंगल, आणि त्या जंगलातून रस्ता काढून कडेने रिसॉर्ट उभारण्याचा प्रस्ताव. ‘जंगल माती धरतं, पाणी स्वच्छ ठेवतं’ असं बैठकीत सांगितल्यावर समोरून सवाल आला, ‘मग त्याची रुपयांत किंमत सांगा.’ शोधाशोध केली तर हेक्टरी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आकडे सापडले. त्यातला कुठला वापरायचा?

एकही वापरू नका. तो आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी तलावाचा, दुसऱ्या पावसाचा आणि बहुतेक वेळा दुसऱ्या देशाचा असतो. खाली पाणी पिणारं कुणी नसेल तर पाणी स्वच्छ ठेवण्याच्या कामाला रुपयांत जवळपास काहीच किंमत येत नाही, आणि खाली पन्नास हजार वस्तीचं शहर असेल तर त्याच जंगलाची त्याच कामाची किंमत कोटींत जाते. म्हणून या कामात मी खालून वर जातो. आधी फिल्टर प्लँट, मग धरणाची भिंत, मग नाले, आणि जंगल सगळ्यात शेवटी. नुकसान जिथे कुणाच्या तरी खिशातून जातं तिथूनच हिशेब सुरू करायचा.

दुसरी गोष्ट, आपण जंगलाची किंमत काढतच नसतो. जंगल असताना होणारा खर्च आणि ते गेल्यावर होणारा खर्च, यांतला फरक काढतो. यातला ‘गेल्यावर’ हा भाग सगळ्यांत जास्त वेळा गंडतो. बहुतेक अहवाल जंगल गेलं म्हणजे उघडी बोडकी जमीन उरली असं धरतात आणि मग धूप पाचशे पटीने वाढवून दाखवतात. प्रत्यक्षात तसं होत नाही. ठाणे-पालघरच्या डोंगरात जंगल गेलं तर तिथे नाचणी-वरीची वरकस जमीन येते, नाहीतर आंब्या-काजूची बाग, फार्महाऊस, दगडखाण. या प्रत्येकातून उतरणारी माती वेगळी आणि घाण वेगळी. तुमच्याकडे प्रस्ताव रस्त्याचा आणि रिसॉर्टचा आहे, तर ‘नसताना’च्या रकान्यात रस्ता आणि रिसॉर्टच लिहा. उघडं माळरान लिहिलंत तर समोरचा इंजिनिअर पहिल्याच पानावर तुम्हाला पकडेल, आणि पुढची पानं कुणी उघडणार नाही.

आता मातीचा हिशेब. धुपीचं सर्वमान्य समीकरण विशमायर आणि स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांचं, सगळे त्याला यूएसएलई म्हणतात. पावसाचा मारा, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराचा चढ, जमिनीवरचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती असे सहा घटक एकमेकांना गुणायचे की वर्षाला हेक्टरी किती टन माती सुटते ते मिळतं. जंगलाचं सगळं श्रेय आच्छादनाच्या घटकात येतं. उघड्या नांगरटीला तो १ धरतात, चांगल्या झाकलेल्या जंगलाला ०.००१ ते ०.००३. पण इथे ‘झाकलेल्या’ या शब्दावर जोर आहे, कारण माती वाचवण्याचं काम झाडाच्या शेंड्यापेक्षा खालचा पाचोळा आणि झुडपं जास्त करतात. सागाच्या रोपवनात वणवा जाऊन गेल्यावर पहिल्या दोन-चार पावसांनंतर जाऊन बघा. सागाच्या मोठ्या पानावर पाणी साठून जाड थेंब पडतो, तो उघड्या पावसाच्या थेंबाहून मोठा असतो. खाली पाचोळा जळालेला असला की प्रत्येक खड्याखाली बोटभर उंचीचा मातीचा खांब उभा दिसतो आणि भोवतालची तेवढी माती गेलेली असते. उपग्रहाच्या नकाशावर मात्र हे रान गर्द हिरवं दिसतं. तेव्हा आच्छादनाचा आकडा नकाशावरून उचलू नका, मे महिन्यात जंगलात फिरून जमीन बघा.

समीकरणातून मिळालेले टन थेट रुपयांना गुणणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय आहे. डोंगरावर सुटलेली सगळी माती तलावात येत नाही. बरीचशी पायथ्याला, बांधाला, झुडपांच्या बुंध्याशी अडते. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली साऱ्या देशाचा अंदाज मांडला होता. वर्षाला सुमारे ५,३३४ दशलक्ष टन माती सुटते, म्हणजे हेक्टरी १६ टनांच्या थोडी वर. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साठते आणि बाकीची ६१ टक्के एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते. हे देशाचं सरासरी चित्र आहे, तुमच्या नाल्याला लागू होणार नाही. पण सुटलेली माती आणि पोचलेली माती यांत केवढं अंतर असतं ते त्यावरून कळतं. पाणलोट लहान आणि चढाचं असेल तर पोचणारा वाटा मोठा, पाणलोट पसरट आणि लांबलचक असेल तर कमी.

एक उदाहरण सोडवतो. मुंबईच्या तुळशी तलावाएवढं पाणलोट घेऊ, साधारण ६८० हेक्टर. तलावाचा आकार तेवढा खरा, पुढचे दर आणि टन मी हिशेबासाठी धरलेले आहेत. जंगल शाबूत असताना हेक्टरी २ टन माती सुटते आणि बिघडल्यावर ४० टन, असं धरू. फरक ३८ टनांचा, सगळ्या पाणलोटाचा मिळून वर्षाला सुमारे २५,८०० टन. आता कुणीतरी ‘सुपीक माती टनाला हजार रुपये’ धरून अडीच कोटींचा आकडा मांडेल. मांडू द्या. आपण पुढे जाऊ. एवढ्या लहान पाणलोटातून तिसरा हिस्सा माती तलावापर्यंत येते असं धरलं तर उरतात सुमारे ८,६०० टन. त्यातली ९५ टक्के तलावात बसते, बाकी सांडव्यावरून निघून जाते. बसलेल्या गाळाचं वजन घनमीटरला १.२ टन धरलं की झाले सुमारे ६,८०० घनमीटर. गाळ काढून वाहून टाकायला घनमीटरला २०० रुपये धरा. वर्षाला १३ लाख ६० हजार. हेक्टरी २,००० रुपये.

अडीच कोटी कुठे आणि साडेतेरा लाख कुठे! तुळशीचा उपयुक्त साठा ८०४ कोटी लिटरच्या वर आहे. त्यात वर्षाला ६८ लाख लिटरची जागा गेली म्हणजे हजारातला एक भागही नाही. शंभर वर्षं असं चाललं तरी तलाव आठ-साडेआठ टक्के भरेल. गाळाचा प्रामाणिक हिशेब केला की लहान, खोल तलावांच्या बाबतीत आकडा असा खाली येतो आणि जंगलाच्या बाजूने बोलणारे हिरमुसतात. हिरमुसण्याचं कारण नाही, खरी किंमत दुसरीकडे आहे, तिकडे येतोच. शिवाय काढलेला गाळ शेतात नेणारे शेतकरी असतील तर हा खर्च आणखी कमी होतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्याच हिशेबावर उभी आहे.

गाळाची किंमत मोठी कुठे निघते? पाणलोट अफाट, शेतीखालचं, आणि साठा त्या मानाने लहान असेल तिथे. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढे तेलंगणात निजामसागरला मिळते. १९३१ साली पुरं झालेलं हे धरण २९.७ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) होतं. सत्तरच्या दशकात मोजलं तेव्हा साठा १२ टीएमसीच्या आत आला होता, पुढे पाण्याची पातळी वाढवून तो १७.८ पर्यंत नेला. अर्ध्याहून जास्त धरण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत गाळाने गिळलं. तिथे घनमीटरचे पैसे मोजायला अर्थ आहे. तुमचा तलाव निजामसागरच्या जातीचा आहे की तुळशीच्या, हे आधी ठरवा. पाणलोटाचं क्षेत्र आणि साठा यांचं प्रमाण काढलंत की पाच मिनिटांत समजेल.

समीकरणाबद्दल आणखी एक सावधगिरी. ते जमिनीवरून पातळ थराने आणि बारीक ओघळींतून जाणाऱ्या मातीचं आहे. नाल्याचे काठ ढासळणं, घळी पडणं, दरड कोसळणं त्यात धरलेलं नाही. सह्याद्रीत ही उणीव फार मोठी आहे. दिवसाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात वर्षभराचा बहुतेक गाळ चार-सहा दिवसांत उतरतो आणि तो सगळ्या डोंगरावरून सारखा येत नाही, ठरावीक चार-पाच जागांवरून येतो. त्यांतली हमखास जागा म्हणजे कापलेला रस्ता. डोंगराच्या अंगाची माती उघडी पडते, रस्त्याचं गटार सगळं पाणी एकवटतं, आणि मोरीतून ते नाल्यावर धाडकन सोडलं जातं. पाच किलोमीटरचा वाईट बांधलेला घाटरस्ता शंभर हेक्टर वरकस जमिनीला भारी पडू शकतो. म्हणून तुमच्या प्रकरणात मी रिसॉर्टपेक्षा रस्त्यावर जास्त वेळ घालवेन. आणि उलट बाजूने, जंगल असलं म्हणजे दरडी येत नाहीत असं कुठेही लिहू नका. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या घटना सगळ्यांच्या लक्षात आहेत. झाडांची मुळं वरचे एक-दोन मीटर बांधून ठेवतात. घसरण त्याच्या खालून झाली तर झाडंही सोबत येतात.

आता पाण्याकडे. तुमच्या नगरपरिषदेच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या फिल्टर प्लँटवर जा आणि तुरटीचं रजिस्टर मागा. कुठे तुरटीऐवजी पॅक वापरतात, म्हणजे पॉली ॲल्युमिनियम क्लोराईड, पण नोंद तशीच असते. रोजचा कच्च्या पाण्याचा गढूळपणा एनटीयूमध्ये, तुरटीची मात्रा लिटरला किती मिलिग्रॅम, फिल्टर किती तासांनी धुतला, क्लोरीन किती लागलं. पावसाळ्यात जार टेस्ट चालू असताना पोचलात तर उत्तम. सहा काचेची भांडी, प्रत्येकात एक लिटर कच्चं पाणी, तुरटी दहा, वीस, तीस अशी साठ मिलिग्रॅमपर्यंत चढत जाते. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, मग ढवळणारे पंखे बंद. थोड्याच वेळात काही भांड्यांत पुंजके धरून खाली बसायला लागतात, काहींत पाणी चहाच्या रंगाचं तसंच राहतं. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी नितळ होतं ती त्या दिवसाची मात्रा. मे महिन्यात दहावर भागणाऱ्या तलावाला जुलैत चाळीस लागते, आणि ज्या वर्षी वर रस्त्याचं खोदकाम झालं असेल त्या वर्षी पन्नासनेही भागत नाही. ही उडी तारखेसकट रजिस्टरात लिहिलेली असते. कुठल्याही कन्सल्टंटच्या मॉडेलपेक्षा बैठकीत ती जास्त वजनदार ठरते, कारण ती त्यांच्याच ऑपरेटरने लिहिलेली असते.

त्यातून रुपये काढू. तुळशीतून मुंबईला दिवसाला साधारण १.८ कोटी लिटर पाणी मिळतं. पावसाळ्याच्या १२० दिवसांत लिटरला सरासरी १५ मिलिग्रॅम तुरटी जास्त लागली तर दिवसाला २७० किलो, हंगामात ३२ टनांवर. किलोला १२ रुपये धरले तर चार लाखांच्या आत. म्हणजे हाही आकडा किरकोळ! औषधांचा खर्च हा पाणी शुद्धीकरणातला दिसणारा पण छोटा तुकडा आहे. त्याच्यामागे असलेले तुकडे जास्त जड असतात. फिल्टर दिवसाआड धुवायचा तो दिवसातून दोनदा धुवावा लागला की धुण्यातच शुद्ध झालेलं पाणी जातं आणि प्लँटची क्षमता खाली येते. तुरटीने बसवलेला गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न वाढतो. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस येतो, तलावात शेवाळ वाढतं, पाण्याला वास सुटतो. रिसॉर्टचं सांडपाणी आलं तर कोलिफॉर्म (मैलापाण्यातले जिवाणू) वाढतात, क्लोरीन वाढवावं लागतं, आणि सेंद्रिय द्रव्य जास्त असलेल्या पाण्यात क्लोरीन वाढवलं की ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) गढूळपणा १ एनटीयूच्या आत अपेक्षित आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. लहान गावचा प्लँट, एकच ऑपरेटर, रात्री वीज गेलेली, आणि कच्चं पाणी ३०० एनटीयूचं. अशा वेळी काय होतं ते पाणीपुरवठ्यातल्या माणसाला सांगायला नको. पाणी तसंच सुटतं.

या सगळ्याची टोकाची अवस्था म्हणजे स्रोतच पिण्यातून बाद होणं. ती बघायची तर मुंबईतच जा. विहार १८६०च्या सुमाराचा, तुळशी १८७९चा, पवई १८९१च्या आसपासचा. तिन्ही एकाच डोंगररांगेत, पाऊस एक, खडक एक. विहार आणि तुळशीचं बहुतेक पाणलोट आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे आणि हे दोन्ही तलाव शहराला अजून पाणी पाजतात. विहारला लागूनच दक्षिणेला असलेला पवई मात्र वसाहतींनी वेढला गेला. त्यात सांडपाणी उतरतं, जलपर्णी माजते. ५४५ कोटी लिटरचा हा तलाव दर पावसाळ्यात भरून वाहतो, बातमी येते, आणि बातमीच्या शेवटी एक ओळ असते की हे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, उद्योगांना आणि इतर कामांना देतात.

हे उदाहरण मोहात पाडणारं आहे, म्हणून त्याला एक टाचणी लावतो. पवईच्या पाण्याबद्दल तक्रारी अगदी सुरुवातीच्या काळापासून होत्या. तो टंचाईत घाईने केलेला, उथळ तलाव. त्यामुळे विहार आणि पवईमधला सगळा फरक जंगलाच्या खात्यावर जमा करता येत नाही. खोली, जागा, बांधणी यांचाही त्यात वाटा आहे. तुमच्या टिपणात पवईचा दाखला द्यायचा तर ही ओळही द्या. समोरच्याने ती काढण्याआधी आपण काढलेली बरी.

स्रोत बाद झाला तर बदली पाणी कुठून आणि कितीला, हा पुढचा प्रश्न. १.८ कोटी लिटर म्हणजे १८,००० किलोलिटर. बदली पाणी हजार लिटरमागे ४० रुपये जादा पडतं असं धरलं तर दिवसाला ७ लाख २० हजार, वर्षाला २६ कोटी. आता बघा, त्याच ६८० हेक्टरांची किंमत एका हिशेबाने वर्षाला साडेसतरा लाख (गाळ आणि तुरटी मिळून) आणि दुसऱ्या हिशेबाने २६ कोटी. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला सांगतो, जंगल थोडं बिघडलं तर दरवर्षी किती चटका बसेल. दुसरा सांगतो, तलाव कायमचा हातचा गेला तर काय. इंटरनेटवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच. कुणी पहिला प्रश्न सोडवलेला असतो, कुणी दुसरा, आणि मथळा दोघांचाही एकच असतो.

बदली खर्चाची पद्धत वापरायला तीन अटी आहेत. पर्यायाने तीच सेवा तेवढीच मिळायला हवी, तो उपलब्ध पर्यायांत सर्वांत स्वस्त हवा, आणि वेळ आली तर लोक खरोखर ते पैसे मोजतील अशी स्थिती हवी. दुसऱ्या अटीवर लोक नेहमी घसरतात. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा दर लावून जंगलाची किंमत फुगवतात, जेव्हा जवळच दुसरं धरण स्वस्तात होणार असतं. अर्थात ‘स्वस्त’ धरणाच्या पोटातही काही दडलेलं असतं. मुंबईसाठी प्रस्तावित गारगाई धरणातून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळायचे आहेत, आणि त्यासाठी तानसा अभयारण्याचा काही भाग पाण्याखाली जाणार आहे. एका पाणलोटाची बदली दुसऱ्या पाणलोटाचं जंगल बुडवून होत असेल तर त्या जंगलाची किंमतही बदली खर्चात धरायला हवी. सहसा कुणी धरत नाही.

तलाव हातचा जाईल तो आज नव्हे, समजा वीस वर्षांनी. मग आजच्या रुपयांत त्याची किंमत किती? इथे वटावाचा दर, म्हणजे पुढच्या रुपयाची आजची किंमत काढताना दर वर्षामागे जितके टक्के कमी धरतो तो, सगळा खेळ फिरवतो. वर्षाचे २६ कोटी, विसाव्या वर्षानंतर कायम, ८ टक्के दराने आज सुमारे ७० कोटी होतात. ५ टक्क्यांनी १९६ कोटी. ३ टक्क्यांनी ४८० कोटी. जंगल तेच, तलाव तोच, फक्त दराचा आकडा बदलला. म्हणून कुणी एकच ठाम आकडा सांगितला की मी पहिला प्रश्न दराचा विचारतो. तुम्ही तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि तलाव जाण्याची शक्यता शंभर टक्के नसेल तर तेवढ्या प्रमाणात कमी करा. शक्यता पाचात एक वाटत असेल तर ५ टक्के दराने १९६ कोटींचे ३९ कोटी राहतात. तरीही रस्त्याच्या आणि रिसॉर्टच्या फायद्यासमोर हा आकडा उभा राहू शकतो, आणि तो फुगवलेला नाही.

बैठकीत आणखी एक मुद्दा हमखास येईल: ‘आम्ही एनपीव्ही भरणार आहोत, म्हणजे जंगलाची किंमत चुकती झाली.’ वनजमीन वळवताना भरायचं हे निव्वळ वर्तमान मूल्य सर्वोच्च न्यायालयातल्या जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणातून आलं. कांचन चोप्रा समितीच्या कामानंतर २००८ साली जंगलाचा प्रकार आणि घनता बघून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरले, अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. पुढे २०२२ मध्ये मूळ दर वाढवले. हे दर देशभरासाठी प्रकारवार आहेत. तुमच्या तलावाखाली किती लोक पाणी पितात हे त्या कोष्टकाला माहीत नाही. शिवाय ती रक्कम वनीकरणाच्या निधीत जाते, तुमच्या फिल्टर प्लँटला त्यातून तुरटीचं पोतंही मिळत नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या मूल्यांकनाचंही असंच. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा प्रकल्पांचं आणि २०१९ मध्ये मेळघाटसह आणखी दहा प्रकल्पांचं मूल्यांकन केलं. धोरणकर्त्यांचं लक्ष वेधायला ते काम मोलाचं आहे, पण त्यातला हेक्टरी आकडा उचलून तालुक्याच्या तलावाला चिकटवायचा नसतो.

न्यूयॉर्कचं नाव निघेल म्हणून दोन ओळी. १९९७ च्या करारानुसार त्या शहराने कॅटस्किल आणि डेलावेअर पाणलोटात जमिनी घेतल्या, शेतकऱ्यांना आणि गावांच्या सांडपाण्याला पैसे दिले आणि अंदाजे ६०० ते ८०० कोटी डॉलरचा गाळणी प्रकल्प टाळला. खर्च त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागला. गोष्ट खरी आहे, पण तिथे कायद्याने समोर दोनच रस्ते ठेवले होते: पाणलोट राखा, नाहीतर गाळणी बांधा. आपल्याकडे गाळणी बहुतेक शहरांत आधीच आहे, त्यामुळे ‘टाळलेला प्रकल्प’ हा सर्वांत मोठा आकडा आपल्या हिशेबात येतच नाही. आणि अतिवृष्टीनंतर गढूळ पाणी आलं की न्यूयॉर्कलाही तुरटी टाकावी लागते.

किमतीबरोबर ती कोण भरतो हेही टिपणात आलं पाहिजे. मुंबईला पाजणारी भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्यात आणि आसपास आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. तानसाच्या जंगलातल्या वारली, ठाकर, कातकरी कुटुंबांनी राब (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्या) तोडू नये, गुरं घालू नयेत, जाळ करू नये, म्हणून शहराचं पाणी नितळ राहतं. त्यांच्या या न करण्याची किंमत कुठल्याच बिलात नाही. उलट उदाहरण चंदीगडचं. १९५८ साली बांधलेला सुखना तलाव गाळाने भरत चालला, तेव्हा मृदसंधारण तज्ज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचा माग काढत शिवालिकच्या पायथ्याचं सुखोमाजरी गाव गाठलं. डोंगर चराईने उघडा पडला होता. गावासाठी मातीचे छोटे बंधारे बांधले, पाण्यात प्रत्येक घराला वाटा दिला, आणि गावाने स्वतःहून डोंगरावरची चराई थांबवली. त्या पाणलोटातून येणारा गाळ फार मोठ्या प्रमाणात घटला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुंपण आणि गार्ड यांवर होणारा खर्च तिथे पाण्याच्या वाट्याने भागला. तुमच्या जंगलात गुरं चारणारी वस्ती असेल तर तिचं उत्पन्न जंगल राखण्याच्या खर्चाच्या बाजूला लिहा. ते वगळून काढलेली किंमत गावसभेत टिकत नाही.

आता कामाचं. टिपण दोन पानांचं करा. पहिल्या पानावर फक्त मोजलेलं: मागच्या पाच-सात वर्षांचा कच्च्या पाण्याचा गढूळपणा आणि तुरटीची मात्रा, रोजच्या पावसाशेजारी लावून. तलावाचा जुना समोच्च नकाशा जलसंपदा विभागाकडे किंवा नगरपरिषदेच्या कपाटात असतो. होडीत इको साउंडर लावून आजची खोली मोजली की किती गाळ साठला ते अंदाजाशिवाय कळतं, आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं हे काम दोन दिवसांत करतील. दुसऱ्या पानावर हिशेब, प्रत्येक धरलेल्या आकड्यापुढे ‘धरलेला’ असं लिहून.

पावसाळा अजून लागला नसेल तर नाल्यांचे नमुने घ्यायची सोय आत्ताच करून ठेवा. दोन नाले निवडा, एक पुऱ्या जंगलातून येणारा आणि एक रस्त्याच्या किंवा वस्तीच्या कडेने येणारा. जून-जुलैतल्या मोठ्या पावसात पाणी चढत असताना दर अर्ध्या तासाला लिटरभर नमुना, बाटलीवर वेळ आणि पाण्याची उंची. दर सोमवारी सकाळी घेतलेल्या नमुन्यांचा काही उपयोग होत नाही, कारण गाळ सोमवार बघून येत नाही, आणि पाणी उतरायला लागलं की ते पुन्हा नितळ दिसतं. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक केलेली हवी, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी लागते, म्हणून ती सोय आधी बोलून ठेवा. दोन नाल्यांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून काढलेला फोटो पहिल्या पानावर, रजिस्टरच्या आकड्यांच्या वर छापा.